फुंकरीवर आलेला आळ

माझी आई फुंकर मारते. मारायची, असं म्हणायला हवं, पण ते मी अजून मनातून मान्य केलेलं नाही. ती नेमकं काय करायची ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही त्या डॉक्टरांसारखं नाक मुरडाल. नमाज झाली की ओठातल्या ओठात दुवा पढायची आणि समोरच्याच्या डोक्यावरून, छातीवरून हलकेच फुंकायचं. आमच्यात याला दम करणं म्हणतात. सांगलीत आमच्या गल्लीच्या मशिदीबाहेर संध्याकाळच्या नमाजला बायका लेकरं काखेला मारून, हातात पाण्याचा तांब्या धरून उभ्या असतात, आणि नमाज पढून बाहेर पडणारा जो तो फुंकर मारून पुढं जातो. त्यातल्या निम्म्याअधिक बायकांच्या कपाळाला कुंकू असतं. मशिदीपर्यंत जायचा ज्यांना कंटाळा, त्या सरळ आमच्या दारात येतात. "भाभी, पोरगं नुसतं किरकिर करतंय, जरा बघा की." अम्मा हातातलं काम टाकायची, चूळ भरायची, नमाजाआधी करतात तसं हात-तोंड-पाय धुऊन वजू करून यायची. पोर शांत व्हायचं का? कधी व्हायचं, कधी नाही. पण पोराची आई हमखास शांत होऊन घरी जायची.

मी साताऱ्याला नांदते आणि शाळेत मराठी शिकवते. 'दुःखावर फुंकर घालणे' हा वाक्प्रचार दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि वाक्यात उपयोग करायला सांगते. घरात आम्ही दखनी बोलतो, पण भांडायला मला मराठीच लागते. अब्बा म्हणतात, ही मराठीत चिडली की समजायचं, आता कुणाचं तरी खरं नाही.

अब्बा एसटीत वाहक होते. आता निवृत्त. निवृत्त झाल्यापासून सकाळी मार्केट यार्डात ओळखीच्या व्यापाऱ्यांकडं चहा प्यायचा आणि हळदीचा भाव काय निघाला ते ऐकून यायचं, एवढंच काम. हळद घेणं नाही, विकणं नाही. तिथंच एका टेम्पोनं मागं घेताना त्यांना धक्का दिला आणि खुब्याचं हाड मोडलं. सांगलीतल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. डॉक्टरांचं नाव मोठं. हात चांगला आहे, असं जो भेटेल तो सांगायचा. हात चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. माझं भांडण हाताशी नाहीच.

अम्मा वॉर्डात रोज अब्बांच्या कॉटच्या पायथ्याशी उभी राहायची. दुवा पढून डोक्यापासून पायापर्यंत एक फुंकर. जखमेवर हाताएवढी जाड पट्टी, पट्टीवर चादर, आणि अम्मा कॉटच्या दांडीला धरून लांब उभी. शेजारच्या कॉटवर विट्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते, घरचा ऊस, दोन्ही पोरं फौजेत. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच डॉक्टरांनी, त्याच आठवड्यात केलेलं. त्यांनी अम्माला तिसऱ्या खेपेला हाक मारलीच, "भाभी, आमीबी हितंच हाय की. आमच्या पायानं काय घोडं मारलंय?" मग अम्मा त्यांच्याही पायावर फुंकर मारायला लागली. पलीकडच्या एका बाईला तिचे लोक अंगारा लावून जायचे. झाडणाऱ्या मावशींनी तर एकदा मोबाइलमधला लेकीचा फोटोच पुढं धरला. अम्मानं मोबाइलवर फुंकर मारली आणि मावशींनी तो पदरानं पुसून कमरेला खोचला.

मग अब्बांना ताप भरला. पाय तापल्यासारखा लाल झाला आणि पट्टी सोडली तेव्हा टाक्यांमधून पू आला.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी साताऱ्याहून येऊन कॉटपाशी उभी होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. मास्क हनुवटीवर. नाक उघडं. सिस्टरांनी हातमोजे दिले, ते त्यांनी घातले, आणि त्याच मोजे घातलेल्या हातानं मास्क वर ओढला, नाकाचा शेंडा दोनदा चोळला, मास्क पुन्हा खाली सरकला, पुन्हा वर ओढला, आणि त्याच हातानं अब्बांच्या जखमेवरची पट्टी उचलली. मागं उभ्या असलेल्या सात-आठ जणांपैकी कुणाची भुवईसुद्धा हलली नाही. आमच्या शाळेत खिचडी वाढणाऱ्या बाईनं असं केलं असतं तर पालकांनी मोर्चा आणला असता.

"जखमेला कुणी हात लावला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

मागून एक शिकाऊ डॉक्टर बोलला, "सर, यांच्या मिसेस रोज फुंकतात."

"फुंकतात म्हणजे?"

"मंत्र म्हणून फुंकतात, सर."

"दुवा पढून," मी म्हटलं.

"तेच ते," डॉक्टर म्हणाले. मग अम्माकडं वळून, सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "आजी, माणसाच्या नाकात-घशात जंतू असतात. तुम्ही फुंकलं की ते उडतात. तुमच्या त्या फुंकण्यानं यांचा पाय सडायला आलाय, कळतंय का?"

अम्माला कळलं. तिला एवढंच कळलं, दुसरं काही कळलंच नाही. तिनं पदराचं टोक घेतलं आणि तोंडावर धरलं. ते मला आत्ताही लिहिताना दिसतंय आणि संताप येतो.

सुभेदार कॉटवर कोपरावर उठून बसले. "आवं डॉक्टर, भाभी माझ्याबी पायावर रोज फुंकर मारत्यात. माझा टाका तर झकास सुकला. त्यो कसा काय?"

"तुमचं नशीब," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या कॉटकडं गेले. एवढं शिकलेला माणूस, आणि उत्तर काय तर नशीब.

त्याच दिवशी अम्माच्या नाकातला आणि घशातला स्वॅब घेतला. तिला कॉटवर बसवलं, कापसाची काडी नाकात फिरवली, मग आ करायला लावून घशात. तिला ओकारी आली. कोरोनात ती तपासणीला नाही म्हणत घरात लपून बसली होती. आता मात्र गुन्हेगारासारखी मुकाट मान वर करून बसली. मी म्हटलं, माझंही घ्या, मीही इथंच असते. गरज नाही म्हणाले. मग त्यांच्या माणसांचे घ्या. त्यावर सिस्टर माझ्याकडं बघून हसली, म्हणजे वाईट वाटून हसली, आणि काडीच्या नळीला बूच लावून निघून गेली. अब्बांच्या स्वतःच्या नाकातला स्वॅब घ्यावा हेही कुणाला सुचलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. इथं तर चोर शोधायचाच नव्हता. संन्याशीण समोर उभी होती, तीही पदर घेतलेली, मग काम सोपंच झालं.

चार दिवसांनी हॉस्पिटलच्या मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की जखमेत जो जंतू निघाला तोच आईच्या नाकात निघालाय. "तुमच्या आई वाहक आहेत," ते म्हणाले. म्हणजे जंतू नाकात बसलेला असतो, त्या माणसाला काही होत नाही, पण तो दुसऱ्याला देऊ शकतो. चांगलं शुद्ध मराठी बोलत होते. मी वर येऊन अब्बांना सांगितलं.

अब्बांचा पाय उशीवर, अंगात ताप, हाताला सलाइन. तरी ते म्हणाले, "जन्मभर बिल्ला मी लावला आणि वाहक ही?"

अम्मानं विचारलं, म्हणजे काय. अब्बांनी समजावलं, की अगं, जंतू तुझ्या गाडीत बसून आला आणि माझ्या पायात उतरला. बिनतिकिटाचा पॅसेंजर. "पण एक हाय," ते मला म्हणाले, "चेकिंग करायचं तर सगळ्या गाड्यांचं करायचं असतंय. एकच गाडी अडवायची आणि वाहकाला मेमो द्यायचा, ही कुठली पद्धत?"

मी हसले. अम्मा हसली नाही. तिनं खुर्ची उचलली आणि कॉटपासून लांब, दारापाशी नेऊन ठेवली.

जखम धुवायला अब्बांना पुन्हा ऑपरेशन थिएटरात नेलं. पुन्हा भूल, पुन्हा चिरफाड, आणि मग नसेतून भारी औषधं, कारण जंतू साध्या औषधांना दाद देत नव्हता. एका दुपारी मी चहा घेऊन वर आले तर वॉर्डाच्या दाराशी नवा कागद चिकटवलेला. तिथं 'येथे थुंकू नये' अशी जुनी पाटी होतीच. तिच्या खाली, 'पेशंटवर फुंकू नये.' कुणीतरी छान यमक जुळवलं होतं. अंगाऱ्याबद्दल पाटी नव्हती, आणि नसावीच, अंगाऱ्यानं कुणाचं काय बिघडत होतं? मास्क नाकावर घ्या अशीही पाटी नव्हती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी तो कागद फाडला. सुभेदार झोपल्याचं सोंग घेऊन बघत होते, म्हणाले, "ताई, चिकटपट्ट्याबी काढा, न्हाईतर पुन्यांदा लावत्यात." मी त्याही काढल्या.

अब्बा घरी आले ते काठी घेऊन, एक पाय जरा आखडता टाकत. पण आले. बरे झाले. बिघडलं ते अम्माचं.

तिनं स्वतःचा पेला वेगळा केला. अब्बांचं अंथरूण आतल्या खोलीत आणि आपलं बाहेर. भाकरी थापताना तोंडावर पदर, अब्बांना ताट देताना तोंडावर पदर, फोनवर माझ्याशी बोलतानासुद्धा. मी म्हणायची, अम्मा, मी साताऱ्यात आहे, जंतू काय कराडवरून एसटीनं येणार आहेत का? ती म्हणायची, तुला चेष्टा सुचते, पाय तुझ्या बापाचा गेला. मी सांगून सांगून थकले. लेक डॉक्टर नाही ना. पांढरा कोट घातलेल्या माणसानं भर वॉर्डात सांगितलेलं खरं, आणि पोटच्या मुलीनं सांगितलेली नुसती समजूत.

मी एकदा सुट्टीत गेले होते तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातली सून बाळ घेऊन दारात आली. पहिलंच बाळंतपण, बाळ दूध ओकत होतं, पोरगी रडकुंडीला आलेली. "भाभी, जरा फुंकर मारता का?" अम्मा उंबऱ्याच्या आतच थांबली. पुढं नाही आली.

"दुसरीकडं जा बाई," ती म्हणाली. "माझ्या तोंडात खोट हाय."

त्या पोरीला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. ती मशिदीच्या बाजूला निघून गेली. अम्मा आत जाऊन लसूण सोलत बसली. मला वाटलं, तसंच उठावं, त्या हॉस्पिटलात जावं आणि एकेकाची गचांडी धरावी. एका माणसाच्या एका वाक्यानं माझ्या आईचं जन्मभराचं पुण्य पाप करून टाकलं होतं, आणि तो माणूस त्याच वेळी कुठंतरी राउंड घेत, नाक चोळत फिरत असणार.

साताऱ्यात माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील तपासणी प्रयोगशाळा चालवतात, जंतूंचे डॉक्टर. पालकसभेनंतर त्यांना थांबवून मी सगळं सांगितलं. ते शांत माणूस. म्हणाले, हा जंतू आपल्यातल्या कितीतरी लोकांच्या नाकात निवांत बसलेला असतो. तुमच्या असेल, माझ्या असेल. हॉस्पिटलात काम करणाऱ्यांच्या नाकात तर औषधांना न जुमानणारा, निगरगट्ट झालेलाही सापडतो. पुष्कळदा तो पेशंटच्या स्वतःच्याच नाकातून त्याच्या जखमेत जातो. आणि जातो तो मुख्यतः हातावरून. नाकाला हात, हात जखमेला.

"आणि फुंकरीनं?"

"उघड्या जखमेवर कुणी फुंकू नये हे खरंच. पण पट्टी होती ना?"

"पट्टी होती, वर चादर होती, आई कॉटच्या पायथ्याशी होती."

"मग?" ते म्हणाले. "आईंच्या नाकात तो हॉस्पिटलातच आला नसेल कशावरून? इतके दिवस त्या वॉर्डात बसून होत्या." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तिथल्या स्टाफचे स्वॅब घेतले का?"

हे ऐकून माझं डोकं आणखी फिरलं. म्हणजे माझी आई त्यांच्याकडूनच जंतू घेऊन आली असेल आणि वर आळही तिच्यावरच. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी सांगलीची गाडी धरली आणि थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. स्टाफचे स्वॅब घेतले का, विचारलं.

"घेतले की, नंतर घेतले," ते म्हणाले. "थिएटरमधल्या सगळ्यांचे. पद्धत असते तशी."

"निघालं कुणात?"

"निघतंच हो, मॅडम. त्यात विशेष काही नाही. ज्यांच्यात निघालं त्यांना नाकात लावायचं मलम दिलं. थोडे दिवस लावलं की जातं. विषय संपला."

"कुणाकुणात निघालं?"

ते खुर्चीत सरळ झाले. "ते नाही सांगता येत. ते गोपनीय असतं."

गोपनीय. माझ्या आईच्या नाकात काय आहे ते सगळ्या वॉर्डाला ठाऊक, झाडणाऱ्या मावशींना ठाऊक, विट्याच्या सुभेदारांना ठाऊक, दारावर कागद लागला. आणि यांच्या लोकांची नाकं गोपनीय. ही माणसं नाकानं कांदे सोलतात आणि पाणी आमच्या डोळ्यांत येतं. मी त्यांना हे सगळं ऐकवलं, मराठीत ऐकवलं, बाहेरचे लोक दारातून डोकावायला लागले. त्यांनी पाणी मागवलं. मी म्हटलं, मला पाणी नको, केस करायची नाही, माफीचा कागदही नको. डॉक्टरांनी माझ्या आईला तोंडानं सांगायचं, की पाय तिच्यामुळं चिघळला नाही. जसं भर वॉर्डात बोलले तसं. बास.

"सर फार बिझी असतात," ते म्हणाले.

"आम्हाला तपासणीला बोलावलंय ना? तेव्हा सांगतील," मी म्हटलं आणि उठले.

अम्मा यायला तयार नव्हती. मी कशाला, मी खाली रिक्षात बसते, तिथं आजारी माणसं असतात, असं सगळं झालं. शेवटी अब्बा म्हणाले, काठीनं जिना चढायचा तर दुसऱ्या बाजूला कोण? तेव्हा ती उठली. वर डॉक्टरांच्या खोलीत अब्बांना तपासायच्या कॉटवर घेतलं. अम्मा दाराशी, पाठ भिंतीला लावून, तोंडावर पदर.

डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला, एक्स-रे उजेडाला धरला, खूश झाले. "मस्त जुळलंय. अजून महिन्यानं काठी सोडा."

"डॉक्टर," मी म्हटलं, "माझ्या आईला सांगा."

"काय सांगू?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे."

मॅनेजरांनी त्यांच्या कानावर घातलं असणार, कारण ते चिडले नाहीत. वैतागले थोडे. घड्याळाकडं बघितलं. मग त्यांनी दाराकडं बघितलं, आणि मला वाटतं, अम्माला तशी उभी असलेली त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच नीट बघितली.

"आजी," ते म्हणाले, "मी त्या दिवशी जरा जास्त बोललो. ते तुमच्यामुळंच झालं असं काही नाही. हा जंतू पुष्कळांच्या नाकात असतो. यांच्या स्वतःच्या नाकातला असेल, आमच्यातल्या कुणाचा असेल. आता आमचं सगळ्यांचं तपासलं, तर..." ते जरा घुटमळले. "माझ्याही नाकात निघाला."

अब्बा कॉटवरून उठून बसले. एवढा वेळ माझ्या जिभेवर किती काय काय होतं, पण अम्मा भिंत सोडून पुढं आली होती.

"तुमच्या नाकात?" तिनं विचारलं.

"हो. आमच्यात दोघा-तिघांच्या निघाला."

"मग काय केलंसा?"

"काय करणार? मलम लावलं नाकात थोडे दिवस. गेला."

"आन् ऑपरेशनं? बंद केलीसा?"

"नाही, बंद कशाला? चालू आहेत की. रोज आहेत."

अम्मानं तोंडावरचा पदर खाली केला.

"मलम असतंय व्हय ह्याला?"

"असतं की, आजी. साधं मलम आहे."

"मग मला का दिलं न्हाईसा?"